पक्का रंग

सोलापुरात साखर पेठेत एक रंगारी राहायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीचं सूत रंगवण्यात त्याचा जन्म गेला होता. रंगवलेलं सूत वाळलं की तो पांढरं फडकं ओलं करून त्यावर जोराने घासायचा. फडकं कोरं राहिलं तर माल पास. जरासा डाग उठला तरी मालकाच्या तोंडावर सांगायचा, "नाही चालणार."

म्हाताऱ्याला विडी लागायची. सून कारखान्यातून पान-तंबाखू आणून घरीच विड्या वळायची, त्यामुळे सासऱ्याला विडीवरून बोलायला कुणाला तोंडच नव्हतं. सोलापुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. ज्या तंबाखूवर चूल पेटते तिला नावं ठेवणं बाहेरच्यालाच सोपं.

नातू झाला तेव्हा म्हाताऱ्याने आपण होऊन नियम केला : बाळ खोलीत असताना विडी पेटवायची नाही. सून बाळाला घेऊन विड्या द्यायला गेली की तो खिडकीशी बसून ओढायचा. मग दार सताड उघडायचा, पंखा मोठा करायचा, वर उदबत्ती लावायचा. त्याने हा नियम एक दिवसही मोडला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

बाळ रांगू लागलं. चटईवर लोळायचं, भिंतीला धरून उभं राहायचं आणि तेच हात तोंडात घालायचं. मे महिना आला. एका दुपारी वरचा पत्रा तापला आणि बंद खोलीत विडीचा वास दाटला.

"मामा, विडी पेटवली होती का?"

"सकाळपासून हात लावला नाही, पोरी."

तो खरंच बोलत होता. सून काही बोलली नाही. तिने पांढरा टॉवेल ओला केला आणि खिडकीजवळच्या भिंतीवर घासला. टॉवेल पिवळट तपकिरी झाला.

"जुना चुना असेल," म्हातारा म्हणाला.

तिने घडी बदलली आणि कपाटाचं दार पुसलं. पुन्हा तोच रंग. मग पाळण्याची दांडी. म्हाताऱ्याने टॉवेल तिच्या हातातून घेतला, कोरी बाजू काढली आणि दांडी स्वतः घासली. पुन्हा घासली. मग खाली बसला.

"रंगाच्या हौदातली वाफ उडून जाते, पाणी गटारात जातं. रंग मात्र सुतात राहतो," तो म्हणाला. "मी इतकी वर्षं ही खोली रंगवत होतो."

रंगाऱ्याला फडक्याने कळलं ते शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत मोजलं आहे. धुरातलं निकोटीन भिंती, गाद्या, पडदे, कपडे यांत मुरतं आणि खोली तापली की थोडंथोडं परत हवेत येतं. गॅसच्या ज्योतीतून खोलीत नायट्रस आम्ल येतं. त्याच्याशी या निकोटीनचा संयोग होऊन कर्करोगकारक नायट्रोसमाइन तयार होतात, हे अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेने २०१० साली दाखवलं. सॅन दिएगोत धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरं झाडूनपुसून सुमारे दोन महिने रिकामी होती. तिथे राहायला आलेल्या, न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवरही निकोटीन सापडलं. रांगणाऱ्या मुलाचा सगळा दिवस असं निकोटीन बसलेल्या धुळीतच जातो. दार उघडून धूर जातो, हे मुरलेलं निकोटीन नाही जात. उदबत्ती तर आपला धूर वर घालते.

इकडे म्हाताऱ्याचा मुलगा म्हणाला, "ऑइलपेंट मारून टाकू." म्हाताऱ्याने नेहमीसारखी मान हलवली. खालचं न काढता वर रंग चढवला तर खालचं वर येतंच. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, तरी साठवलेल्या पाण्यातून साबण लावून भिंती धुतल्या, पुन्हा धुतल्या. चादरी उकळल्या. कापसाची गादी धुता येईना, तेव्हा ती टाकली, आणि सुनेच्या बऱ्याच दिवसांच्या मजुरीतून नवी आली. तिने सूप, कात्री आणि तंबाखू ओसरीवर नेली.

म्हाताऱ्याची विडी सुटली नाही. तो कोपऱ्यावरच्या लिंबाखाली जाऊन ओढतो. परत आला की नातू हात पसरतो. म्हातारा आधी सदरा बदलतो, हात-तोंड धुतो, मगच त्याला उचलतो. बाळाचं रडणं तेवढा वेळ ऐकून घेतो. पाळण्याच्या दांडीवर तो अजून अधूनमधून ओलं फडकं फिरवतो. डाग फिका झाला आहे, गेलेला नाही.

२ ऑक्टोबर २००८ पासून देशात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. घराच्या आत तो कायदा येत नाही, तिथला नियम घरच्यांनाच करावा लागतो. ज्यांना विडी सोडायचीच आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, आणि क्रमांक विडीच्या पुड्यावरच छापलेला असतो.