घर सोडतांना

घर बदलणे ही संसारातील सामान्य घटना होय. परंतु ममता अंतःकरणात कोठे व किती खोल रुजली आहे, हे त्या काळात जसे उघड होते तसे एरवी क्वचितच होते. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील अकराव्या अध्यायात अशाच एका स्थलांतराची कथा आहे. यमलार्जुन वृक्ष उन्मळून पडल्यावर गोकुळातील गोप चिंतातुर झाले. वयाने व ज्ञानाने वडील अशा उपनंदाने सुचविले की, मुलांच्या हितासाठी हे स्थान सोडून वृंदावनास जावे. सर्वांनी एकमताने होकार दिला. गाडे जुंपले; वृद्ध, मुले, स्त्रिया आणि घरातील सर्व सामान त्यांवर चढले; यशोदा व रोहिणी राम-कृष्णांसह एकाच गाड्यात बसल्या. गोपी वाटेने कृष्णलीला गात होत्या. ज्यासाठी घर होते तोच गाड्यात बसला असतांना मागे राहिलेल्या भिंतींसाठी कोण रडणार?

परंतु आपली घरे काही गोकुळ नव्हेत. इटारसीच्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. गृहस्थाची बदली कोट्यास झाल्याचा हुकूम चैत्रात आला. मुलांच्या परीक्षा आटोपल्या होत्या, परंतु शाळा सोडल्याचे दाखले मिळावयाचे होते. दूधवाल्याचा व किराण्याचा हिशेब राहिला होता. चैत्रगौरीचे हळदीकुंकू येथेच करावे असा सूनबाईंचा आग्रह. त्यामुळे एका खोलीत गौर झोपाळ्यावर बसलेली, आंब्याची डाळ व पन्हे तयार होत असलेले, आणि दुसऱ्या खोलीत लाकडी खोके, सुतळी व गाद्यांच्या वळकट्या. छतावर कुरडया व सांडगे वाळत होते. वर्षाचे वाळवण तेथे जाऊन कोण करणार, असे वृद्ध सासूबाईंचे म्हणणे. अक्षय्यतृतीयेस उदककुंभाचे दान करून निघावयाचे ठरले होते.

अंगणात सासूबाईंनी दोन वर्षांपूर्वी लावलेली एक लिंबोणी होती. तिला अद्याप फळ आले नव्हते. नळास पाणी सकाळी एक तासच येई. नातू भांडी धुतलेले पाणी बादलीने झाडास घालत असता वडील म्हणाले, “आता त्या झाडाला पाणी कशाला? आठवड्याने येथे कोणी दुसराच राहील. त्यापेक्षा खोके बांधू लाग.”

आजी आतून म्हणाल्या, “अरे, बदली तुझी झाली आहे, झाडाची नव्हे.”

गृहस्थ नित्य गीतापाठ करणारे होते. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हा दुसऱ्या अध्यायातील उपदेश त्यांच्या जिभेवर होता. परंतु फळ दुसऱ्याच्या ताटात पडणार हे दिसताच हातातील कर्म गळाले. याला कोणी वैराग्य म्हणू नये. ‘माझे’ म्हणून घातलेले पाणी जेव्हा ‘माझे नाही’ म्हणून थांबते, तेव्हा दोन्ही वेळी आसक्तीच बोलत असते. बाराव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या प्रिय भक्तास ‘अनिकेत’ म्हटले आहे. ज्याची घरात ममता नाही तो अनिकेत. घर अस्वच्छ टाकून जाणारा नव्हे. तेराव्या अध्यायात पुत्र, स्त्री व गृह यांविषयी अनासक्ती हे ज्ञानाचे लक्षण सांगितले आहे. त्याच प्रकरणात शौच व आर्जव हीही लक्षणे आहेत, हे विसरले जाते.

आवराआवर करतांना माळ्यावर एक पुरणयंत्र सापडले. ते शेजारच्या घरचे होते. तीन वर्षांपूर्वी नळाच्या पाळीवरून त्या घराशी बोलणे बंद झाले, आणि यंत्र तसेच राहून गेले. सूनबाई म्हणाल्या, “आता जातांना कशाला ती आठवण? मुलाच्या हाती पाठवून देऊ.” सासूबाईंनी ते चिंचेने घासून लख्ख केले व सुनेच्या हाती ठेवले. “हळदीकुंकवाचे बोलावणे करावयाचे आहेच. तूच जा. दुसऱ्याची वस्तू बांधून नेली नाही म्हणजे झाले नाही. दुसऱ्याचा राग तरी कशास बांधून न्यावा?”

सूनबाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. शेजारीणबाईंनी यंत्र पाहिले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे हरवले म्हणून आम्ही दुसरे आणले. तुमच्याकडे होते, हे मला ठाऊक होते. मागायला आले नाही.” त्या संध्याकाळी त्या हळदीकुंकवास आल्या. नळाचा विषय कोणीच काढला नाही. एवढ्याने तीन वर्षांचे सारे धुऊन गेले असे मानणे भाबडेपणाचे होईल.

निघण्याच्या दिवशी पहाटे गृहस्थांनी देवघरातील देव तांब्याच्या डब्यात ठेवले. रिकाम्या खोल्या झाडून, चुलीचा ओटा पुसून, ते अंगणात आले आणि कोणी न सांगता लिंबोणीभोवतीचे आळे नीट करू लागले. नळास पाणी येण्यास अवकाश होता. प्रवासासाठी भरून ठेवलेल्या कळशीतील तांब्याभर पाणी त्यांनी झाडास घातले. आजींनी पाहिले, काही म्हटले नाही.

सामानाचा टेम्पो हलला तेव्हा नळ आला होता. शेजारीणबाई आपली पहिली बादली भरून घराकडे न वळता कुंपणातून या अंगणात येत होत्या.