चौथे शील आणि कोर्टाची पायरी



पंचशील आपण रोज म्हणतो. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे. पण नवऱ्याने मारलेल्या बाईला डोळा का सुजला म्हणून विचारले आणि ती "न्हाणीत पाय घसरला" म्हणाली, तर हे खोटे तिच्या तोंडी कोणी घातले? सासरने, माहेरने आणि, सांगायला संकोच वाटतो, आपल्यातल्याच वडीलधाऱ्यांनी. "समाजाची अब्रू जाईल, विहारातच मिटवा" म्हणणारे हे लोक दीक्षा घेताना जुनी जातपंचायत डोक्यात तशीच ठेवून आले आहेत.

तथागतांनी सिगालाला पतीची पाच कर्तव्ये सांगितली. पत्नीचा सन्मान करणे हे पहिले, तिचा अवमान न करणे हे दुसरे. परमपूज्य बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत स्त्रियांना पतीच्या बरोबरीने उभे राहण्यास आणि दासी होण्याचे नाकारण्यास सांगितले. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, त्याचे एक मोठे कारण रखडवलेले हिंदू कोड बिल हेच होते.

म्हणून भगिनी, कोर्टात जाताना आपण धम्माबाहेर चाललो असे मनात आणू नकोस. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. सासर पुसदला आणि आसरा वणीला माहेरी घेतला असेल, तर अर्ज वणीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेही करता येतो. मारहाणीला मनाई, राहायला घर, पोटाला खर्च, हे सारे एकाच अर्जात मागता येते. बाईला वकील मोफत मिळतो, मिळकत विचारली जात नाही. त्यासाठी यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे जावे.

आता तयारी. कोर्ट तारखा विचारते, आणि आपल्या बायांना तारखा आठवत नाहीत. मग खुणा आठव : कापसाच्या पहिल्या वेच्याला, भीमजयंतीच्या आदल्या रात्री, धाकट्याला गोवर होता तेव्हा. खुणेवरून दिवस काढता येतो. लिहिता येत नसेल तर भावजयीकडून लिहून घे. शाळकरी मुलीकडून नको, आईच्या माराचा हिशेब तिच्या हाताने कशाला? दवाखान्याची चिठ्ठी, पोलीस ठाण्यातील नोंदीची नक्कल, लग्नाचा फोटो, राशनकार्डाची झेरॉक्स हे सारे त्या घरात ठेवू नकोस.

भाऊ म्हणेल, दोनदा मारले तर दहादा सांग. सांगू नकोस. उलटतपासणीत एक भर उघडी पडली की खऱ्या घावांवरही संशय येतो. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हण, प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला सांग. डॉक्टरला पाय घसरल्याचे सांगितले होतेस ना? तेही वकिलाला आधीच सांग, आणि कोणाच्या भीतीने सांगितले तेही. समोरचा वकील तो कागद काढणारच आहे. जबाबावर सही किंवा अंगठा करण्याआधी तो वाचून घे, नाहीतर वाचून दाखवायला सांग.

उपासिकांनो, तारखेच्या दिवशी तुमच्यापैकी दोघींनी तिच्याबरोबर जावे, एकीने मुले सांभाळावीत. एस.टी.चे भाडे विहाराच्या दानपेटीतून द्यायला कोणाची हरकत नसावी. जयंतीच्या मंडपावर आपण त्याच्या कितीतरी पट खर्च करतो.