झाकणारे वस्त्र

शास्त्रपाठ : उत्पत्ती ९:२०-२३



नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या डेऱ्यात उघडा पडला. हामाने ते पाहिले व बाहेर जाऊन भावांना सांगितले. त्याने सांगितले ते खोटे नव्हते. पण त्याने बापाची लाज बाहेर नेली. शेम व याफेथ खांद्यांवर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत गेले आणि बापाला झाकले.

या वचनाने मलाच दोषी ठरविले आहे. काही वर्षांपूर्वी मंडळीतील एक बंधू दारू सोडविण्यासाठी इस्पितळात दाखल झाले. त्यांच्या पत्नीने ही गोष्ट विश्वासाने मला सांगितली. बुधवारच्या प्रार्थनासभेत मी त्यांचे नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना केली. हेतू चांगला होता. पण रविवारपर्यंत ती गोष्ट त्यांच्या कचेरीत पोहोचली. बंधू उपचार अर्धवट टाकून घरी आले. मी क्षमा मागण्यास गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "भाऊ, बाहेर जाणार नाही या भरवशावर मी डॉक्टरांना सारे सांगितले होते. आता कोणाला सांगू?"

हा भरवसा आपल्या देशाचा कायदाही ओळखतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. कलम २३ प्रमाणे आपल्या आजाराची व उपचाराची माहिती गुप्त राहावी हा रुग्णाचा हक्क आहे. न्यायालयाचा आदेश, जिवाला धोका अशा ठराविक प्रसंगीच त्याला अपवाद आहे. सरकारी कायदा जे जपतो, ते ख्रिस्ताच्या मंडळीने उधळावे काय?

झाकणे म्हणजे पापावर पांघरूण घालणे नव्हे. रोग्याने वैद्यापाशी व देवापाशी सर्व उघड करावे. म्हणूनच इतरांनी ते झाकावे.

इस्पितळात सेवा करणाऱ्या बहिणींनो, रोग्याचे कागद हे तुमच्या हाती दिलेले वस्त्र आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, "बाबा इस्पितळात आहेत" असे लेकरू म्हणाले, तर वर्गासमोर कारण विचारू नका. प्रार्थना चालविणाऱ्यांनो, देवाला नाव ठाऊक आहे. ते सभेला सांगण्यापूर्वी त्या माणसाची परवानगी घ्या.

या आठवड्यात कोणाची गोष्ट आपल्या जिभेवर आली, तर क्षणभर थांबू या. आपण हामासारखे बाहेर निघालो आहोत, की वस्त्र घेऊन आत?

प्रभू आपल्या मुखावर पहारा ठेवो. आमेन.