अकरा महिन्यांची ओळख

१८५३ साली निजामाने कंपनी सरकारशी तह केला, तेव्हा वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. या मुलखावर डेप्युटी कमिशनर म्हणून आला कॅप्टन फिलिप मेडोज टेलर. टेलर म्हटले की ठगांवरची त्याची कादंबरी आठवते. तो नळदुर्गला आला तेव्हा कोणत्या अवस्थेत होता, याचा विचार सहसा होत नाही. वय पंचेचाळिशीला टेकलेले, पत्नी १८४४ मध्येच वारलेली, आणि सुरपूर संस्थानात जवळजवळ तपभर बसवलेली घडी मागे राहिलेली. हाच माणूस १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, एका व्यापाऱ्याकडे काम करायला मुंबईत उतरला होता. व्यापाऱ्याचा धंदाच डबघाईला आलेला निघाला. पण एका वजनदार नातलगाने मुलाला हाताशी धरले आणि निजामाच्या फौजेत चिकटवून दिले. परक्या ठिकाणी एकट्याने जाण्याचे दोन प्रसंग एकाच आयुष्यात, तीस वर्षांच्या अंतराने आले. पहिल्या वेळी कोणीतरी सांभाळून घेतले. दुसऱ्या वेळी सांभाळून घेणारे कोणी नव्हते, आणि त्या वयाच्या माणसाला सांभाळावे लागते असे कोणाला वाटतही नाही.

तरीही टेलर या मुलखात रुजला. जमिनीची मोजणी आणि नवी आकारणी हे त्याचे मुख्य काम होते. ते गावोगाव फिरल्याशिवाय, पाटील-कुलकर्ण्यांशी आणि कुळांशी तासन्‌तास बोलल्याशिवाय होण्यासारखे नव्हते. १८५७ च्या धामधुमीत त्याची बदली बुलढाण्याला झाली, प्रकृतीमुळे १८६० मध्ये तो मायदेशी परतला. पण १८६३ साली आलेल्या त्याच्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूर आणि हा परिसर एवढ्या बारकाव्यांनिशी उतरला आहे की चार वर्षांत माणसाला एखादी जागा किती आपली होऊ शकते याचा तो पुरावाच ठरावा. यावर कोणी म्हणेल, तो राज्यकर्ता होता; त्याला कसले आले परकेपण? आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्याच मुद्द्याकडे नेतो. अधिकाराने बंगला मिळतो, शिपाई मिळतात. पण टेलरला अधिकाराने दिलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट होती ती लोकांना रोज भेटण्याचे कारण. मध्यमवयात अनोळखी शहरात एकट्याने गेलेला माणूस तिथे टिकतो की कोमेजतो, हे त्याच्या धाडसावर वा स्वभावावर फारसे ठरत नाही. ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी, त्याच त्या माणसांत बसण्याचे कारण ते शहर त्याला देते का, यावर ते ठरते, असे माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे स्थलांतराचा अनुभव कमी नाही. कमी आहे तो एकट्याने जाण्याचा. धाराशिव-बीडकडचा ऊसतोड कामगार कारखान्यावर जातो तो ‘कोयता’ म्हणून, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, मुकादम टोळी नेतो, फडाशेजारी खोप्याही ओळखीच्यांच्याच पडतात. हाल अपरंपार, पण ते एकट्याचे नसतात. दुसरे मोठे स्थलांतर बायकांचे. २०२०-२१ च्या राष्ट्रीय श्रमबल सर्वेक्षणात स्त्रियांपैकी ४७.९ टक्के स्थलांतरित निघाल्या आणि पुरुषांपैकी १०.७ टक्के, त्या स्त्रियांतल्या ८६.८ टक्क्यांचे कारण लग्न हे होते. परक्या घरी एकटीने जाण्याचा अनुभव या देशात बायकांइतका कोणालाच नाही, पण तिथे सून, जाऊ, भावजय अशी नाती आधीच मांडून ठेवलेली असतात. ती जाचक असतील, पण रिकामी नसतात. या दोन्ही चौकटींत न बसणारा माणूस आता वाढतो आहे: पंचेचाळिशीत बदली झालेला बँक अधिकारी, आंतरजिल्हा बदलीत लांब फेकला गेलेला शिक्षक, दुष्काळात शेतीचा नाद सोडून पुण्यात सुरक्षारक्षकाची नोकरी धरलेला शेतकरी, नवरा गेल्यावर रुग्णसेवेच्या कामासाठी शहरात खोली घेऊन राहणारी बाई. त्यांच्यासाठी आपल्या समाजाने कोणतीही जागा आखलेली नाही.

मैत्री जमायला किती वेळ लागतो, हा प्रश्न गमतीचा वाटेल; पण कॅन्ससच्या विद्यापीठातील जेफ्री हॉल या अभ्यासकाने तो गांभीर्याने विचारला. सहा महिन्यांच्या आत नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या प्रौढांना आणि कॉलेजात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना विचारून त्याने २०१८ मध्ये काढलेला हिशेब ढोबळ असला तरी बोलका आहे. नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, पक्क्या मैत्रीला ९०, आणि जिवलग म्हणावे अशा मैत्रीला २०० हून अधिक. आता हे तास आपल्याकडच्या आयुष्यात बसवून पाहा. वसतिगृहातली पोरे दिवसाचे पाच-पाच तास एकत्र काढतात. चाळीस दिवसांत त्यांचे २०० तास भरतात. म्हातारपणी वेळच वेळ असतो आणि बागेतला ज्येष्ठ नागरिकांचा कट्टाही असतो. मधल्या वयाचा माणूस दिवसभर कामावर, संध्याकाळी स्वयंपाकात, आणि शनिवारी रात्रीच्या एसटीने गावाकडे. गावाकडे थकलेले आई-वडील, मुलांच्या परीक्षा. त्याला दोष कसा द्यायचा? नव्या शहरातल्या एखाद्याबरोबर त्याचे आठवड्याला दोन तास जेमतेम जमतात. या गतीने पक्क्या मैत्रीचे ९० तास भरायला पंचेचाळीस आठवडे, म्हणजे साडेदहा महिने लागतात.

आणि महाराष्ट्रातला भाडेकरार असतो अकरा महिन्यांचा! शेजारी जरा घरचा वाटू लागतो न लागतो, तोच करार संपतो. घरमालक भाडे वाढवतो किंवा ‘आता फॅमिली बघतोय’ म्हणतो, आणि माणूस दुसऱ्या वसाहतीत पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. सरकारी नोकराची गोष्टही निराळी नाही. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने नेमणुकीचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा ठरवला आहे. जिवलग मैत्रीचे २०० तास आठवड्याच्या दोन तासांनी भरायला जवळपास दोन वर्षे जातात, आणि तिसऱ्या वर्षी बदलीच्या आदेशाची वाट पाहणे सुरू होते. मुक्काम तर देवही बदलतो: नळदुर्ग आणि अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एकच आहे. देव सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला मैलारपुरात राहतो, आणि या मुक्काम बदलण्याचा दोन्ही गावच्या मानकऱ्यांत चक्क लेखी करार होतो. देवाला निरोप द्यायला एक गाव असते आणि उतरवून घ्यायला दुसरे. माणसाच्या करारात फक्त अनामत रक्कम, विजेचे बिल आणि भिंतीला खिळे न ठोकण्याची अट असते.

तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटवण्याचे काम पूर्वी शहरे नकळत करत. गिरणगावाच्या भरभराटीच्या काळात मुंबईत पुरुषांची संख्या बायकांच्या जवळपास दुप्पट होती. घाटावरून आणि कोकणातून आलेले हजारो कामगार बायको-मुलांना गावी ठेवून राहत. ते काही सगळे तरुण नव्हते. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांच्या घरी पाळीनुसार तीच माणसे त्याच वेळी पंगतीला बसत, महिन्याचा हिशेब उधारीवर चाले, आणि एखादा दोन दिवस फिरकला नाही तर चौकशी होई. या बायांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ म्हणून उभी केली. खानावळीचे कौतुक स्वस्त अन्नासाठी पुष्कळ झाले; माझ्या मते तिचे मोठे काम तासांचे होते. दिवसाला अर्धा तास त्याच माणसांबरोबर म्हटले तर वर्षाला दीडशेहून अधिक तास होतात, आणि तेही मैत्री करायला म्हणून कोणी बाहेर न पडता. त्या खोल्यांमधली गर्दी, दारू, आजारपणे यांचे उदात्तीकरण करायचे कारण नाही. पण आज मोबाइलवर मागवलेले जेवण दाराशी येते आणि आणणाऱ्याचा चेहरा रोज वेगळा असतो. सोय वाढली आणि पंगत उठली.

मोबाइल आहे म्हणूनच आता परकेपण उरले नाही, असेही म्हटले जाते. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर घर दिसते, हे खरे आणि मोलाचे आहे. पण तो कॉल जुनी नाती जपतो. तापाने फणफणल्यावर डॉक्टरकडे कोण नेणार, गॅसची टाकी संपली तर कोणाचे दार वाजवायचे, याचे उत्तर पाचशे किलोमीटरवरून येत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर याने १९७३ च्या निबंधात दाखवले की नव्या नोकरीची बातमी माणसाला जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून अधिक मिळते, कारण जवळच्यांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. शहरात नव्याने आलेल्या मध्यमवयीन माणसाला हीच तोंडओळख कमी पडते. आणि ती फोनवर होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रत्येक जातीची, तालुक्याची मंडळे शहरात आहेतच की. आहेत, आणि अडल्यानडल्याला धावून येणाऱ्या अशा मंडळांचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण ती माणसाला गावातल्या त्याच्या जुन्या जागेवर नेऊन बसवतात, आणि ती जागा सर्वांनाच परत हवी असते असे नाही. ज्याने जातीचा जाच सोडायला गाव सोडले, किंवा जी नवऱ्यापासून वेगळी होऊन आली, त्याला वा तिला तिथे पहिला प्रश्न कोणता विचारला जाईल ते वेगळे सांगायला नको. एकट्या बाईला तर घर मिळवतानाच चारित्र्याची परीक्षा द्यावी लागते. चाळीस-पन्नाशीचा एकटा पुरुषही सोसायटीच्या भाषेत ‘बॅचलर’ ठरतो आणि कॉलेजच्या पोरांबरोबर नाकारला जातो. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्रीय योजना १९७२-७३ पासून आहे, तिला आता ‘सखी निवास’ म्हणतात. पण गरजेच्या मानाने ही वसतिगृहे फारच थोडी आहेत.

स्वभावाचे काय? बोलका माणूस कुठेही मिसळतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण बोलक्या माणसालाही बोलायला तीच माणसे पुन्हा भेटावी लागतात. एकदाच भेटलेल्या शंभर जणांतून शेजार तयार होत नाही. उलट अबोल माणूस रोज सकाळी एकाच वाचनालयात पेपर वाचायला बसला, की वर्षभरात त्याच्या गैरहजेरीची दखल घेणारे दोघे-तिघे तिथे निघतात. जागा असेल तर स्वभाव आड येत नाही.

हे सगळे पुण्या-मुंबईचे प्रश्न म्हणून नळदुर्गसारख्या गावाने सोडून देऊ नयेत. इथून माणसे जातात तशी इथे येतातही. शिक्षक, बँकेतले, दवाखान्यातले, महावितरणचे असे कितीतरी लोक मधल्या वयात एकटे या गावात नेमले जातात, आणि त्यांच्यातले पुष्कळजण पन्नासेक किलोमीटरवरच्या सोलापुरात राहून ‘अपडाउन’ करतात. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर असते आणि तिच्यावरून ओरडही होते. पण पाच वाजता एसटी गाठणाऱ्याला इथे सात वाजता जायला ठिकाण कुठे आहे, हे कोणी विचारत नाही. किल्ल्याच्या पर्यटनासाठी जेवढे बोलले जाते त्याच्या एक दशांशही इथे राहायला आलेल्यासाठी बोलले जात नाही. एकेकाळी जिल्ह्याचे ठाणे असलेल्या या गावाने ते विसाव्या शतकाच्या आरंभी धाराशिवला गमावले. नेमून दिलेली माणसेही संध्याकाळी निघून जात असतील, तर गमावणे अजून थांबलेले नाही.

करता येण्यासारखी कामे खर्चाची नाहीत. नगरपरिषदेचे वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवता येते. महिला बचत गटाला बसून जेवण्याची खानावळ चालवायला गाळा देता येतो. भाडेकरार अकराऐवजी तीन वर्षांचा करायला कायदा आडवा येत नाही. नोंदणी दोन्हीला लागतेच. आणि या दिवाळीत ज्यांच्या इमारतीत वा गल्लीत कोणी एकटा, मधल्या वयाचा भाडेकरू आला असेल, त्यांनी फराळाचे ताट त्याच्या दाराशी पोचते करून थांबू नये. दर रविवारी सकाळी आपण कुठे बसतो, ते त्याला सांगावे आणि पुढच्या रविवारी तो आला नाही तर विचारावे.