खर्च बिल्डरचा, बिल गाळेधारकाचं

ऊर्जाबचतीच्या बांधकाम नियमांचा विषय निघाला की पहिला आक्षेप येतो तो खर्चाचा. सिमेंट महाग, लोखंड महाग, जागा महाग, परवानग्या वर्षानुवर्षं रखडलेल्या. त्यात ही नवी अट आली तर धंदा करायचा कसा? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्यात धंदा कोणाचा धरला आहे, हे आधी पाहायला हवं. इमारत बांधणारा वेगळा आणि त्या इमारतीत गाळा घेऊन पुढची वीस-तीस वर्षं पोट भरणारा वेगळा. बांधणारा पश्चिमेची अख्खी बाजू साध्या काचेची करतो, गाळे विकतो आणि दुसऱ्या प्लॉटवर कामाला लागतो. त्या काचेतून दुपारभर आत येणारी उष्णता एसी लावून बाहेर काढायची, तीही घरगुतीपेक्षा महाग असलेल्या व्यापारी दराच्या विजेवर, हे मागे राहिलेल्याच्या वाट्याला येतं. दोघांनाही आपण ‘व्यावसायिक’ म्हणतो, आणि चर्चेत आवाज मात्र पहिल्याचाच ऐकू येतो.

२००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्याच्या आधारे केंद्राने २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी संहिता आणली, २०१७ मध्ये ती सुधारली. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या इमारतींपासून ती सुरू होते. म्हणजे मॉल, मोठी हॉटेलं, मोठी रुग्णालयं, आयटी कंपन्यांच्या इमारती. कोपऱ्यावरचं स्वतंत्र किराणा दुकान त्यात येत नाही, तरी विरोध करताना नाव बहुतेक वेळा त्याचंच घेतलं जातं. कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर मोठ्या निवासी इमारतीही कक्षेत आल्या आणि ही मर्यादा आणखी खाली आणण्याची मुभा राज्यांना मिळाली. खरा वाद आता तिथे आहे.

खर्च नेमका कशाचा वाढतो? इमारतीचं तोंड कुठे, खिडक्या कोणत्या बाजूला आणि किती, त्यांवर छज्जा आहे की नाही, हे सगळं नकाशा काढतानाच ठरतं, आणि त्या वेळी ठरवलं तर फारसे पैसे लागत नाहीत. २०१७च्या संहितेच्या ठरीव मूल्यांच्या मार्गात बाहेरच्या भिंतींच्या एकूण क्षेत्राच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त काच चालत नाही. काच कमी करणं हा खर्च वाढवणारा नियम कसा, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. छताचा उष्णतारोधक थर, चांगल्या प्रतीची काच, चांगली वातानुकूलन यंत्रणा यांना पैसे लागतात, हे खरं. पण त्यामुळे इमारतीला लागणारी एसीची क्षमता कमी होते आणि तिथले पैसे वाचतात. ते या हिशेबात सहसा धरले जात नाहीत. इमारत उभी राहिल्यावर मात्र भिंत फिरवता येत नाही. तेव्हा जी दुरुस्ती शक्य असते ती महागडी असते, आणि तिचा खर्च गाळेधारकच करतो.

आणखी एक अनुभव आपल्या समोरचा आहे. एलईडी बल्ब २०१४ मध्ये सरकारी खरेदीत सुमारे ३१० रुपयांना पडत होता. मोठ्या प्रमाणावर खरेदी सुरू झाल्यावर दोन-अडीच वर्षांत तो ३८ रुपयांवर आला. मागणी नक्की असली की कारखानदार माल काढतो आणि भाव उतरतो. चांगली काच आणि छतावरचा थर आज महाग वाटतात, त्याचं एक कारण त्यांना बंधनकारक मागणी नाही हेच आहे.

तरीही विरोधकांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. छोट्या इमारतीला मोठ्या इमारतीचे कागद लावू नयेत. तालुक्याच्या गावात तीस खाटांचं रुग्णालय बांधणाऱ्या डॉक्टरला संगणकावरचं ऊर्जा-विश्लेषण, सल्लागाराची फी आणि नगररचना विभागाच्या खेपा करायला लावल्या, तर नियम बदनाम होईल आणि वीजही वाचणार नाही. संहितेतच ठरीव मूल्यांचा सोपा मार्ग आहे: भिंत अशी, छत असं, काच अशी. लहान इमारतींना तेवढाच लावावा, आणि तो तपासायला पालिकेचा अभियंता तयार करावा. मर्यादा खाली आणण्याआधी हे व्हायला हवं, कारण संहिता दिल्लीत लिहिली, राज्याने अधिसूचित केली, तरी शेवटी ती पाळली गेली की नाही हे भोगवटा प्रमाणपत्र देणाऱ्या टेबलावर ठरतं. तिथे माहितगार माणूस नसेल तर कडक नियमाचं रूपांतर केवळ जास्तीच्या चिरीमिरीत होतं.

स्थानिक हवामानाप्रमाणे संहितेत बदल करण्याचा अधिकार कायद्यानेच राज्याला दिला आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, मुंबईत घामाने जीव नकोसा होतो, महाबळेश्वरला दोन्ही नाही. तिघांना एकच काच आणि एकच छत लावणं चूक आहे, आणि त्या नावाखाली तिघांनाही सूट देणं त्याहून मोठी चूक आहे.

राज्य सरकार अशा नियमांचा मसुदा काढतं तेव्हा हरकती आणि सूचना मागवतं. बिल्डरांच्या संघटना त्या वेळेत पाठवतात. व्यापारी संघ, हॉटेलमालक, डॉक्टरांच्या संघटना आणि भाड्याच्या गाळ्यात धंदा करणारे सगळे यांनीही पाठवाव्यात, सोबत आपली उन्हाळ्याची वीजबिलं जोडून. आणि नवा गाळा घेताना कार्पेट एरिया व पार्किंग विचारतो त्याच बैठकीत छतावर उष्णतारोधक थर आहे का, पश्चिमेची काच कोणत्या प्रतीची आहे, हेही विचारा. उत्तर करारनाम्यात लिहून घ्या.