रोहिणीचे पाणी आणि आपली मुले



२१ सप्टेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक शांतता दिन. यंदा न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने त्या आठवड्यात शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम ठेवला आणि बौद्धांपैकी कुणी येऊन शांतीवर बोलाल का, अशी आपल्या मंडळाकडे विचारणा केली. दहा ते चौदा वर्षांची पंचवीसेक मुले आणि पाऊण तास. मी हो म्हणालो.

शांती म्हटली की इथल्या लोकांना डोळे मिटलेली मूर्ती आठवते. वाचनालयाच्या बाईंचीही अपेक्षा तेवढीच होती, की मुलांना पाच मिनिटे श्वासावर लक्ष ठेवायला शिकवा. आनापान शिकवायला हरकत काहीच नव्हती, तेही केले. पण मला रोहिणी नदीची गोष्ट सांगायची होती.

आपल्यापैकी बहुतेकांना ती ठाऊक आहे, तरी पुन्हा एकदा मनाशी उजळणी करा. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही प्रचलित कथा बाबासाहेबांना पटली नव्हती. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यातले काहीच पाहिले नसेल का, असा त्यांचा साधा प्रश्न होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाचे कारण पाण्याच्या तंट्यात दाखवले आहे. शाक्य आणि कोलीय या दोघांची शेती रोहिणीच्या पाण्यावर चाले. आधी कोणी पाणी घ्यायचे यावरून मारामारी झाली. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव संघापुढे मांडला. सिद्धार्थ संघाचा सभासद होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, चूक कोणाची याची आधी चौकशी करू. दोन माणसे आपली, दोन त्यांची, आणि त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा. मतदान झाले. सिद्धार्थ हरला.

इथे मी मुलांना नेहमी थांबवतो. ज्याला जग बुद्ध म्हणून ओळखते, तो शांतीच्या बाजूने बोलला आणि मोठ्या मताधिक्याने हरला. पुढे सैन्यात भरती होण्याची सक्ती आली, त्याने नकार दिला, तेव्हा त्याच्या कुटुंबावर बहिष्कार टाकण्याची आणि जमीन जप्त करण्याची धमकी मिळाली. बहिष्कार हा शब्द बाबासाहेबांनी तिथे सहज लिहिलेला नाही, हे तुम्हाआम्हाला कुणी समजावून सांगायला नको. कुटुंबाला शिक्षा नको, जी काय ती मला द्या, असे म्हणून सिद्धार्थाने परिव्राजक होऊन देश सोडणे पत्करले.

त्याच्यामागे कपिलवस्तूत काय झाले, हा भाग आपण सांगायला विसरतो. युद्धाविरुद्ध लोक रस्त्यावर आले. पुरुष, स्त्रिया आणि मुलेसुद्धा. कोलीय आपले भाऊ आहेत, असे सांगत त्यांनी मिरवणुका काढल्या. शाक्य संघाला पुन्हा सभा घ्यावी लागली, दोन्हीकडचे प्रतिनिधी बसले आणि पाण्याचे तंटे सोडवायला कायमचे लवाद मंडळ नेमले गेले. म्हणजे शांती ध्यानातून आपोआप उगवली नाही. कुणीतरी सभेत विरोधी मत दिले, त्याची किंमत मोजली, मुलांनी चौकात पाय दुखवले आणि शेवटी कामाची एक व्यवस्था उभी राहिली. सिद्धार्थाला ही बातमी राजगृहात कळली आणि परत येण्याचा आग्रहही झाला, पण तो परतला नाही. दोन कुळांच्या भांडणामागे माणसामाणसांतला त्याहून मोठा संघर्ष त्याला दिसला होता.

वाचनालयात मी याचा खेळ केला. मुलांचे दोन गट, मध्ये पाण्याचा एक जग, आणि सगळ्यांना पुरणार नाही इतकेच पाणी. वाटणी तुम्ही ठरवा. पहिली पाच मिनिटे नुसता आरडाओरडा. मग एका मुलीने चिठ्ठ्या टाकू म्हटले, एकाने सर्वात लहान मुलांना आधी देऊ म्हटले. छान चालले होते. तेवढ्यात माझे लक्ष दाराजवळ गेले. नुकताच या देशात आलेला एक मुलगा, इंग्रजी फारसे येत नसावे, कोणत्याच गटात नव्हता. त्याच्या हातात कागदी पेला नव्हता. पेले मी मोजून आणले होते आणि मोजताना तो माझ्या मोजणीतच आला नव्हता. शांतीचा वर्ग घ्यायला आलेला माणूस मीच!

पण माझी खरी चूक ती नव्हे. ती गाडीत बसल्यावर कळली. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तीही त्या वर्गात होती. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही बाबासाहेबांना फक्त ‘भारताचे मोठे नेते’ म्हणालात. शाळेतल्या पाण्याची गोष्ट का नाही सांगितली? पाण्याचाच तर खेळ होता.”

मी काहीतरी बोललो, वेळ कमी होता वगैरे. ते खोटे होते. मागच्या रांगेत चार-पाच भारतीय पालक बसले होते, त्यांतले एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आहेत. तिथे मी माझे पूर्ण आडनाव कधी फार उच्चारत नाही. आपल्यातले किती जण माझ्यासारखे वागतात, ते मला माहीत आहे, कारण जयंतीच्या फोटोत कोण कॅमेऱ्याच्या मागे सरकते तेही मी पाहतो. पंचशीलात मुसावादापासून दूर राहण्याचे चौथे शील आपण दर रविवारी घेतो. जिथे बोलायला हवे तिथे गप्प बसणे त्यात मोडते का, हा प्रश्न त्या संध्याकाळपासून माझा पिच्छा सोडत नाही.

त्या रात्री मुलीला मी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला मसूर स्टेशनचा प्रसंग वाचून दाखवला. कोलंबिया विद्यापीठात अभ्यासाला लावले गेलेले हेच ते लहानसे पुस्तक. साधारण १९०१ सालची गोष्ट. साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघालेला लहान भिवा, सोबत भाऊ आणि भाचे, अंगावर नवे कपडे. स्टेशन मास्तरने कोण तुम्ही म्हणून विचारले आणि भिवाने विचार न करता खरे सांगितले. मास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्री टोल नाक्यावर पाणी मागताना गाडीवाल्याच्या सल्ल्याप्रमाणे भिवाने आपण मुसलमान आहोत असे सांगितले, उर्दूत बोलला. तरीही पाणी मिळाले नाही. डब्यात जेवण असून मुले उपाशी झोपली.

मुलीने विचारले, “मग खोटे बोलून काय उपयोग झाला?” बाबासाहेबांनी ही लपवण्याची गोष्ट स्वतः लिहून ठेवली, यातच तिचे उत्तर होते. आम्हा आयटीवाल्यांना तर हे कळायला हवे. बग झाकून ठेवला म्हणून जात नाही, तो ऐन सुट्टीच्या दिवशी वर येतो.

ऑक्टोबरमध्ये वाचनालयाने पुन्हा बोलावले. या वेळी चार पेले जास्त नेले आणि आधी विचारले, कोण उरले आहे? खेळानंतर साताऱ्याच्या शाळेची गोष्ट सांगितली: घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा मुलगा, नळाला हात लावायची मनाई, शिपाई हजर नसला तर दिवसभर तहान. वर्ग एकदम शांत झाला. एक कृष्णवर्णीय मुलगा म्हणाला, माझी आजी असेच वेगळ्या नळाचे सांगते. त्यानंतर मला फार बोलावे लागले नाही, मुलेच एकमेकांशी बोलत राहिली.

शेवटी ते ऑफिसातले गृहस्थ भेटले. नम्रपणे म्हणाले, “इथल्या मुलांना हे कशाला? उगाच त्यांच्या मनात भेद भरतो.” मी म्हणालो, “भेद नसता तर सिएटल शहराला २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा का करावा लागला असता?” कॅलिफोर्नियाचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊनही त्याच वर्षी गव्हर्नरने परत पाठवले, तेही मी बोलून गेलो. आवाज थोडा चढला, हे कबूल करतो. मैत्री आठवायला मला दोन दिवस लागले. मग मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत चहाला बोलावले आणि माझे पूर्ण आडनाव सांगितले. ते काही बोलले नाहीत. पुढे काय होते ते पाहू.

आता थोडे आपल्या घरातले. तथागतांनी शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला दीक्षा दिली, म्हणजे राजपुत्रांना त्याच्यापुढे वाकावे लागले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण विदर्भातून कर्ज काढून इथे शिकायला आलेला मुलगा रविवारी वंदनेला आला की आपण पहिल्या पाच मिनिटांत “कुठले? आडनाव काय?” असे विचारतो. कुठले विचारणे आपुलकीचे आहे. आडनावामागे आणखी काय शोधतो, ते ज्याचे त्याला माहीत. पंजाबी आणि नेपाळी बांधव आले की तासभर सगळे मराठीत चालते आणि ते बिचारे हसून खीर खातात. पेला न मिळालेला मुलगा आपल्याही दाराजवळ उभा असतो.

वाचनालयातले पुढचे सत्र डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, म्हणजे महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास आहे. दोन शाळांनीही विचारणा केली आहे आणि माझ्याकडून एकट्याने होणार नाही. गोष्ट सांगू शकणारे, किंवा नुसते पाणी भरून द्यायला उभे राहणारे, कुणीही चालेल. वंदनेनंतर मला भेटा. मुलांना सोबत आणा. पेले मोजायचे काम मी माझ्या मुलीला दिले आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.