वाटेने घडवलेली स्थळे

सलग तीन दिवसांची सुटी आली की मोटारीने बाहेर पडणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाजवळ हल्ली एक यादी असते. तीत एक किल्ला, एक लेणे, एक धबधबा, एक देवस्थान आणि जेवणाची एक नावाजलेली खानावळ अशी नोंद असते, आणि या पाचांच्या दरम्यान जो काही रस्ता पडेल तो जितक्या लवकर उरकेल तितका बरा, असा सर्वांचा समज असतो. स्थळ म्हणजे प्रवासाचे फळ आणि रस्ता म्हणजे त्या फळासाठी भरावा लागणारा दस्तुरीसारखा कर, ही कल्पना आपल्या मनात इतकी रुजली आहे की रस्ता जितका सरळ, रुंद आणि वेगवान तितका प्रवास यशस्वी, असे आपण निःशंकपणे म्हणतो. मला हा हिशेब मुळातच उलटा मांडलेला वाटतो. आपल्या मुलखातील पुष्कळशी ऐतिहासिक स्थळे रस्त्याच्या कडेला योगायोगाने येऊन बसलेली नाहीत. ती रस्त्यानेच जन्माला घातली, त्यानेच पोसली, आणि त्याने पाठ फिरवल्यावर ती ओसाडही झाली. ज्याने वाट पाहिली नाही त्याने स्थळ पाहिले हे म्हणणे मला म्हणूनच अर्धसत्य वाटते.

उदाहरणासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून ओतूर, आळेफाटा, टाकळी ढोकेश्वर, अहमदनगर (ज्याला आता सरकारदप्तरी अहिल्यानगर म्हणतात) असा पूर्वेकडे जाणारा जो हमरस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ६१ म्हणून ओळखला जातो, तो सोपारा आणि कल्याण या बंदरांतून सातवाहनांच्या प्रतिष्ठानाकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे, जाणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गाचा दूरचा वारस आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. त्याची पश्चिमेकडील कड पुढे झिजत झिजत सह्याद्रीचा उभा कडा बनली, आणि त्या कड्यात जिथे जिथे खिंड पडली तिथे तिथेच माणसाला, बैलाला आणि मालाला वर चढता आले. व्यापाऱ्याने वाट कुठून न्यावी हे राजाने ठरवले नाही, पाषाणाने ठरवले. राजाने एवढेच केले की जिथून वाट जाणे भागच होते तिथे तो जकात घेण्यासाठी जाऊन बसला.

हे बसणे म्हणजे काय ते या जुन्या वाटेवरच्या नाणेघाटात स्पष्ट दिसते. कोकणातील वैशाखरे गावाकडून चढणारी दगडी पायऱ्यांची नाळ ज्या अरुंद खिंडीतून पठारावर येते, तिच्या तोंडाशीच एक चौकोनी लेणे कोरलेले आहे, आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, सातवाहन राणी नागनिकेचा प्रदीर्घ लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. अश्वमेध, राजसूय आणि इतर अनेक श्रौत यज्ञ, त्यांत दिलेल्या सहस्रावधी गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, यांची ती जंत्री आहे. भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या लेखातील आकड्यांची गणना होते. मागच्या भिंतीशी एके काळी राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे उभे होते. पुतळे गेले, वर कोरलेली सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि कुमारांची नावे तेवढी उरली. कर्नल साइक्स याने १८२८ च्या सुमारास हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला आणि पुढे भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनी त्याचे वाचन केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु या लेखाविषयी जो प्रश्न सहसा विचारला जात नाही तो असा, की एका सार्वभौम घराण्याने आपल्या वैदिक यज्ञांचा हा अभिमानपूर्ण अहवाल राजधानीतील एखाद्या मंदिरात किंवा प्रासादात न कोरता, लमाणांच्या तांड्यांनी, हमालांनी आणि परदेशी सार्थवाहांनी घाम पुसत उभे राहावे अशा या आडरानातील खिंडीत का कोरला? उत्तर एकच संभवते. राज्याचा खरा दरबार त्या दृष्टीने इथेच भरत होता. ज्याला राज्याची ओळख पटवून द्यायची तो परका माणूस याच दारातून आत येत होता; आणि खिंडीच्या माथ्यावर आजही असलेला तो प्रचंड दगडी रांजण, ज्यात जकातीची नाणी टाकली जात असे लोक सांगतात, तो त्या राजलेखाचा शेजारी शोभतो. यज्ञांची दक्षिणा जिथे मोजून सांगितली आहे तिथेच, चार पावलांवर, ती दक्षिणा ज्या पैशातून आली असेल त्या पैशाचे पात्रही ठेवलेले आहे. या लेखाचे उत्तम छायाचित्र ग्रंथालयात बसून पाहता येते, पण हा शेजार ग्रंथालयात कळत नाही.

आजचा प्रवासी नाणेघाटात येतो तो मात्र प्रायः पावसाळ्यात, आणि तो उलटा धबधबा पाहायला येतो. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून इतक्या जोराने वर उसळतो की खाली पडू पाहणारे पाणी तो पुन्हा पठारावर फेकतो; दृश्य खरोखर विलक्षण आहे आणि ते पाहायला येणाऱ्याला हसण्याचे मला काहीच कारण नाही. मला खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. जो नैर्ऋत्य वारा हे पाणी मागे लोटतो, त्याच वाऱ्यावर शिडे उभारून मिसर देशातील तांबड्या समुद्राच्या बंदरांतून निघालेली गलबते पश्चिम किनाऱ्यावर येत असत. त्यांतील मद्याचे कुंभ, प्रवाळ, काच आणि नाणी याच खिंडीतून वर जात, आणि पठारावरचा कापूस व मौल्यवान दगड याच पायऱ्यांनी खाली उतरत. धबधबा आणि शिलालेख ही दोन निराळी 'आकर्षणे' नव्हेत, एकाच वाऱ्याची ती दोन कृत्ये आहेत. यादी हातात घेऊन आलेला माणूस धबधबा पाहून लेण्याकडे पाठ करतो, किंवा विद्वान असला तर लेणे पाहून धबधब्याला तुच्छ लेखतो. दोघेही सारखेच अर्धे पाहून परततात.

घाट चढून आलेला तांडा पहिला मोठा मुक्काम जुन्नरला करी, आणि जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी का आहेत याचे उत्तर त्या मुक्कामातच आहे. मानमोडी, शिवनेरी, तुळजा, लेण्याद्री या डोंगरांतील लेख वाचले तर ते राजांपेक्षा रहदारीचेच बोलतात. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी एक लेणे आणि पाण्याची पोढी दान देते. कासार, बुरूड यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या व्याजावर भिक्षूंची व्यवस्था होते. इरिल, चिट आणि चंद हे तिघे यवन कुणी पोढ्या, कुणी भोजनमंडप, कुणी दर्शनी भाग अर्पण करतात. आणि क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम, लेखात वर्ष ४६ अशी नोंद करून, मानमोडीवर मंडप आणि पोढी देतो. भोजनमंडप आणि पाण्याची टाकी! ज्या माणसाने उन्हात घाट चढला आहे त्याला परलोकाइतकीच इहलोकीच्या पाण्याची किंमत कळते, आणि दान कशाचे द्यावे हेही त्याला अचूक सुचते. लेण्याद्रीच्या एका विहारात पुढे गिरिजात्मज गणपती विराजमान झाला आणि अष्टविनायकांची वाट त्या डोंगरावर चढू लागली. भाविकाला त्या विहाराचा पूर्वेतिहास माहीत नसला तरी चालते, कारण त्याला तिथे जाण्याचे स्वतःचे कारण आहे. कारणाशिवाय जाणाऱ्या आपल्यासारख्यांनाच इतिहासाची गरज अधिक.

यावर कुणी म्हणेल की निसर्गाचे चमत्कार तरी रस्त्याचे ऋणी नाहीत. हा आक्षेप मला मान्य करावाच लागतो. टाकळी ढोकेश्वरहून थोडे आड गेले की निघोजजवळ कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, ते कुणाच्याही येण्याजाण्यासाठी थांबले नव्हते. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगरत राहिले आणि त्यांनी काळ्या कातळात माणूस बुडेल इतके खोल, आतून गुळगुळीत रांजण कोरून काढले. आणि त्याही पुढे जाऊन सांगायचे तर नारायणगावजवळच्या खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिच्यासाठी ती जागा निवडण्याचे एक कारण हे की तिथे डोंगरांचा आडोसा होता आणि शहरी रेडिओगोंगाट पोहोचत नव्हता. म्हणजे माझ्या सिद्धान्ताला याच मुलखात एक सणसणीत अपवाद आहे: रस्त्यापासून दूर असल्यामुळेच घडलेले स्थळ. तो अपवाद मी आनंदाने सोसतो. तरीही कुकडीच्या काठी उभे राहिल्यावर ज्याने चार तासांपूर्वी नाणेघाटातला दगडी रांजण पाहिला आहे, त्याला पाण्याने कोरलेला आणि माणसाने कोरलेला असे दोन्ही रांजण एकाच कातळाचे आहेत हे दिसते. थेट निघोजला येऊन थेट परतणाऱ्याला ते दिसण्याचे कारण नाही.

हीच वाट पुढे संतांच्याही कामी आली. आळंदीच्या चार भावंडांनी शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरली, तिथे रेड्याच्या मुखातून वेद वदवले, परतीच्या प्रवासात प्रवरेकाठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि पुढे आळे येथे त्या रेड्याला समाधी दिली गेली अशी परंपरा आहे. नेवाशाचा पैस खांब आणि आळ्याची ती समाधी ही दोन स्थळे नकाशावर एकमेकांपासून दूर आहेत, परंतु कथेत ती एकाच प्रवासाचे दोन मुक्काम आहेत. एक पाहून दुसरे टाळणाऱ्याला कथेचे एक पान फाडून वाचल्यासारखे होते. त्याच नेवाशात १९५४ पासून डॉ. सांकळिया यांनी डेक्कन कॉलेजतर्फे केलेल्या उत्खननात अश्मयुगापासूनच्या वस्तीचे थर सापडले. ज्ञानदेव आले तेव्हाच तिथली वस्ती कित्येक सहस्रके जुनी होती.

नगरविषयी थोडक्यात सांगतो. जुन्नरला स्वतंत्र झालेल्या मलिक अहमदाने दौलताबाद टप्प्यात यावी म्हणून या वाटेवर भिंगारजवळ नवी राजधानी वसवली; त्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू बंदिवान होते आणि तिथेच त्यांनी भारताच्या शोधावरचा आपला ग्रंथ लिहिला. बाकीचे नगर मला कधीच फारसे आकळले नाही.

जुन्या वाटांची ही स्तुती ऐकून कुणाला वाटेल की मी गतकाळाचे गोडवे गातो आहे. तसे नाही. त्या वाटेवर बैल मरत, हमालांच्या पाठी वाकत, आणि जकातदाराच्या लहरीवर तांड्याचा नफातोटा अवलंबून असे. शिवाय वाट ही राजकारणाची बटीक असते. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तानुसार कल्याण हे एके काळी कायदेशीर व्यापाराचे बंदर होते, परंतु पुढे सत्तापालट होऊन तिथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. आणि त्याच ग्रंथात पैठण हे भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. बंदराचे दार बंद झाले की घाटाच्या माथ्यावरील रांजण रिकामा राहतो, हा धडा त्या काळच्या जुन्नरकरांना नक्कीच मिळाला असेल. नव्या द्रुतगती मार्गांनी बाजूला टाकलेल्या आपल्या गावांतील खानावळवाल्यांनाही तो आता मिळतो आहे.

अशा स्थितीत आपण स्थळांवर काय लिहून ठेवतो ते पाहण्यासारखे आहे. संरक्षित स्मारकाच्या दाराशी जो निळा फलक असतो तो स्मारकाला इजा केल्यास किती वर्षे कैद आणि किती रुपये दंड हे सविस्तर सांगतो. हे लेणे इथेच का, त्याच्यासमोरची वाट कुठून आली आणि कुठे गेली, याविषयी तो बहुधा मौन पाळतो. पुरातत्त्व खात्याकडे धमकावण्याचा अधिकार आहे तसा समजावण्याचाही आहे, आणि दुसऱ्याला खर्च फार नाही. घाटाच्या पायथ्याशी, माथ्यावर, जुन्नरच्या वेशीवर, नेवाशात आणि पैठणच्या सातवाहनकालीन अवशेषांपाशी एकाच वाटेचा एकच नकाशा लावला, तर निदान चौकस प्रवाशाला आपण यादीतल्या पाच वस्तू पाहात नसून एकच वस्तू पाच ठिकाणी पाहतो आहोत हे कळेल.

तोवर प्रवाशाने स्वतःपुरती एक तजवीज करावी. दिवाळीनंतर, वाटेवरचे शेवाळ सुकल्यावर, मोटार वैशाखऱ्यात थांबवावी, ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी खाली उतरून नाणेघाट पायी चढावा, आणि चालकाला गाडी घेऊन माळशेजमार्गे जुन्नर, तिथून घाटघर असे वळसा घालून माथ्यावर यायला सांगावे. वाटेत चहाला थांबला तर तो तुमच्यानंतरच पोहोचेल.